धुळ्याच्या हद्दीपर्यंत

बेबाबाईनं लेकीला शब्द दिला होता. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, जळगावला, मेहरूणच्या तिच्या त्या एका खोलीत. पाडवा झाला की धुळ्याला जायचं, दिपमालाला घेऊन यायचं आणि दोन महिने कामावर यायचंच नाही. झुलालभाऊ बालगृहाचे अधीक्षक. त्यांना तिनं संक्रांतीलाच बजावून ठेवलं होतं, "भाऊ, यंदा मला अडवायचं नाही. सांगून ठेवते."

"नाही अडवणार, बेबाबाई," भाऊ म्हणाले होते.

अडवलं भाऊंनी नाहीच. पाडव्याच्या आदल्या दिवशी सगळ्या देशालाच कुलूप लागलं.

त्या संध्याकाळी झुलालभाऊंनी सगळ्या बायांना अंगणात उभं केलं. आत वीसेक पोरं होती. कोणाला चालता येत नव्हतं, कोणाला बोलता, कोणाला दोन्ही नाही. आईबाप कोणालाच नव्हते. भाऊ म्हणाले, "जी आत राहील ती आतच राहील. जी घरी जाईल तिला रस्ते उघडेपर्यंत परत घेता येणार नाही. या पोरांना साधा खोकला झाला तरी जीवावर बेततं, तुम्हाला माहीत आहे. जबरदस्ती नाही."

ज्यांची लेकरं लहान होती त्या बाया डोळे पुसत निघून गेल्या. स्वयंपाकाच्या इंदिराबाई राहिल्या, कारण त्यांना जायला दुसरं घरच नव्हतं. बेबाबाईनं मनाशी हिशेब केला. तीन आठवडे म्हणतात. दिपमालाला अजून दीड महिना आहे. तीन आठवड्यांनी सरळ धुळ्याची बस धरू.

"राहते मी," ती म्हणाली. मागून फाटकाला कडी लागली, ती तिनं नीट ऐकलीही नाही.

बेबाबाई मूळची धुळ्याकडची. लग्न होऊन जळगावात आली. नवरा सुरतेला कापडाच्या गिरणीत गेला तो तिकडचाच झाला. पदरात चार वर्षांची दिपमाला. तेव्हा कोणीतरी या बालगृहात लावून दिलं. पोरांना उठवणं, धुणं, भरवणं, कपडे बदलणं, हेच तिचं काम. सकाळी दिपमालाला शेजारणीकडे सोडायची ती अंधार पडताना घ्यायची. शाळेतल्या गॅदरिंगला दिपमाला राधा झाली होती, तेव्हा बेबाबाई एका पोराला झटका आला म्हणून सिव्हिल हॉस्पिटलात बसली होती.  मोठी झाल्यावर पोरगी एकदा सहज म्हणाली, "माय, माले बी चालता नही येतं तं बरं व्हतं." बेबाबाईच्या ते काळजाला लागलं ते लागलंच. म्हणून तर बाळंतपणाचा शब्द तिनं स्वतःहून दिला होता. या एका बाबतीत तरी पोरीला कमी पडू द्यायचं नव्हतं.

आत अडकलेल्यांत आणखी एक होती. तिचं नाव मार्ता. पोलंड देशातून आलेली, विशी ओलांडलेली उंच पोरगी. अपंग मुलांकडून हालचाली कशा करून घ्यायच्या, याचं काहीतरी शिक्षण घेत होती आणि तीन महिने सेवा करायला म्हणून जानेवारीत आली होती. तिची परतीची विमानंच बंद झाली. इंदिराबाई तिला मारताबाई म्हणायच्या. "नाव मारता, पण पोरगी कोणाला चापट मारत नाही," असं म्हणून स्वतःच हसायच्या.

बेबाबाईला मात्र ती फारशी आवडत नव्हती. गोरी माणसं तिनं याआधीही पाहिली होती. यायची, पोरांना कडेवर घेऊन फोटो काढायची, जाताना रडायची. मग पुढचे पंधरा दिवस पोरं दाराकडे बघत राहायची आणि त्यांची समजूत बेबाबाईनं काढायची. शिवाय ही पोरगी कामात ढवळाढवळ करायची.

पहिली ठिणगी पडली ती रूपाच्या जेवणावरून. रूपा अकरा-बारा वर्षांची. तान्ही असताना चाळीसगाव स्टेशनवर बाकड्याखाली सापडली होती. सगळं अंग ताठ, मान कलंडलेली, बोलणं नाही. पण डोळे असे की सगळं कळतंय. बेबाबाई तिला मांडीवर आडवी घ्यायची, डोकं मागं टाकायची आणि पातळ पेज वाटीनं तोंडात सोडायची. रूपा ठसकायची, खोकायची, डोळ्यांत पाणी आणायची. ते रोजचंच होतं. महिन्या-दोन महिन्यांनी तिची छाती भरायची, तेही रोजच्यासारखंच झालं होतं.

मार्तानं बेबाबाईचा हात धरला. मानेनं 'नाही' म्हटलं. कोपऱ्यात उशा रचून तिनं रूपाला बसवलं, हनुवटी जरा खाली आणली, वरण-भात घट्ट कालवला आणि चमच्याच्या टोकावर एवढासा घास दिला. मग ती थांबली. रूपानं तो तोंडात घोळवला, घोळवला. मार्ता थांबूनच.

"अगं बाई, असं भरवत बसले तर बाकीची पोरं उपाशी मरतील!" बेबाबाई ओरडली. मार्ताला शब्द कळले नाहीत, सूर कळला. तिनं वाटी खाली ठेवली नाही.

पण आता बाहेर जाणं नव्हतं, कोणी येणं नव्हतं. वेळच वेळ होता. दोन दिवसांनी मार्ता दुसऱ्या पोरांत गुंतलेली बघून बेबाबाईनं तसंच करून बघितलं. उशा, हनुवटी, एवढासा घास. रूपानं सगळी वाटी संपवली. एकदाही ठसकली नाही. शेवटी बेबाबाईकडे बघून तोंड वेडंवाकडं करून हसली.

बेबाबाईला आनंद व्हायला हवा होता. तिला आला तो राग. इतकी वर्षं या पोरीला आपण रोज पेजेत बुडवत होतो आणि कोणी सांगितलं नाही. ती मोरीत गेली, भांडी आपटत घासली, आणि बाहेर येऊन मार्ताला खुणेनं म्हणाली, "आणखी काय येतं तुला? दाखव."

त्यानंतर दोघींचं जमलं. मार्ताला पन्नासेक मराठी शब्द यायचे, त्यातले निम्मे अहिराणी, कारण बेबाबाई बोलायची तशीच. "शे" म्हणजे आहे आणि "नही शे" म्हणजे नाही, यांवर तिचा बराचसा कारभार चालायचा. तेल नही शे. पोर रडी राहिनं, म्हणजे रडतंय. जेवण शे. इंदिराबाई पोट धरून हसायच्या.

तीन आठवडे संपले आणि टाळेबंदी वाढली. मग पुन्हा वाढणार असं म्हणू लागले. जळगावचं नाव रोज बातम्यांत यायला लागलं आणि तेही वाईटच. उन्हाळा तर असा पेटला की दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अंगावर घेता येईना. मार्ता ओलं पातळ गुंडाळून फरशीवर पडायची. पुना नावाचा एक दांडगा, समजेनं लहान मुलगा होता. त्याला रोज सकाळी तलावापर्यंत फिरवून आणायची सवय. तो फाटकाचे गज धरून गदागदा हलवायचा आणि एकच ओरडायचा, "चाल! चाल!" तास तासभर. बेबाबाई आधी त्याला ओढून आणायची. नंतर नंतर तीही त्याच्याशेजारी जाऊन उभी राहायची. समोरचा रस्ता रिकामा. एखादा पोलीस मोटारसायकलवर जायचा. तेवढंच.

रोज दुपारी दिपमालाचा फोन यायचा.

"माय, तू कव्हय येशी?"

"येसु ना बेटा. रस्ता खुलू दे."

"तू रस्ताचं नाव सांगू नको. तुले यावानंच नही शे." आणि फोन बंद.

जावई भूषण भला माणूस. तो सांगायचा, "आत्या, ती रात्रीची झोपत नाही. पाय सुजलेत. माझी आई आहे तिच्याजवळ, तुम्ही घोर नका करू." पण घोर कसा नाही करायचा? बेबाबाईनं झुलालभाऊंना पासचं विचारलं. त्यांनी खटपट केली. बाळंतपण हे कारण पुरेसं धरलं गेलं नाही, जळगावातून धुळ्याला कोणालाच सोडत नव्हते. संस्थेच्या अंगणापलीकडे बेबाबाईचं जग संपलं होतं. ती पोरांचे कपडे वाळत घालायची आणि मनातल्या मनात जळगाव-धुळे रस्ता म्हणायची. पाळधी, एरंडोल, पारोळा. पाळधी, एरंडोल, पारोळा.

आणि मग मार्ताला तिच्या सरकारचा निरोप आला. मुंबईहून त्यांच्या माणसांसाठी एक विमान जाणार होतं. गाडीला मुंबईपर्यंतचा पास मिळणार होता. मार्ता धावत स्वयंपाकघरात आली, फोनवरचा नकाशा बेबाबाईपुढे धरला आणि रस्त्यावर बोट फिरवत नेलं. जळगाव, मग पुढे, आणि एका ठिकाणी बोट थांबलं.

"धुळे," मार्ता म्हणाली. "तू. मी. गाडी. दिपमाला."

बेबाबाईनं त्या ठिपक्यावर आपलंही बोट टेकवलं.

हे सोपं वाटलं ते पहिला चहा होईपर्यंतच. मार्ता गेली आणि बेबाबाईही गेली, तर मागं कोण? इंदिराबाईंचे गुडघे गेलेले. झुलालभाऊ कागदपत्रांचे माणूस, वीस वर्षांत त्यांनी कधी पोराच्या तोंडात घास घातला नव्हता. आणि एकदा बाहेर पडलं की परत येता येणार नव्हतं, हे तर आधीच ठरलेलं. मार्ता होती म्हणून तर बेबाबाईच्या जाण्याचा विचार तरी करता आला असता, आणि मार्ता जात होती म्हणूनच बेबाबाईला गाडी मिळत होती. कसंही फिरवून बघितलं तरी भिंतच लागत होती.

मार्ता म्हणाली, मी राहते. खरंच म्हणाली. डोळे लाल करून. पण ती राहिली तर गाडीच नव्हती.

इंदिराबाईंनी कणीक मळता मळता विषय संपवला. "जाय तू. पोरगी एकदाच पहिलटकरीण होते. मी आहे, भाऊ आहेत. मरत नाही कोणी."

बेबाबाई भाऊंकडे गेली. ते खिडकीबाहेर बघत बसले होते. "मी शब्द दिला होता, अडवणार नाही म्हणून," ते म्हणाले.  तिला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

निघायच्या सकाळी तिनं रूपाला स्वतः भरवलं. झुलालभाऊंना शेजारी बसवून दाखवलं, असं बसवा, असं थांबा, घाई करू नका. भाऊ शाळेतल्या पोरासारखे मान हलवत होते. रूपा जेवली, आणि बेबाबाई उठायला लागली तशी तिनं आपल्या आखडलेल्या बोटांत तिचा पदर धरला. ती नेहमीच धरायची. त्या दिवशी बेबाबाईनं एकेक बोट सोडवलं आणि मागं न बघता गाडीत जाऊन बसली. पुना गजांशी होता. "चाल! चाल!" गाडी वळेपर्यंत त्याचा आवाज येत होता.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. काच खाली केली तेव्हा गरम वारा तोंडावर आला, तरी बेबाबाईला तो गोड लागला. दुतर्फा कापणी झालेली रिकामी रानं. डोक्यावर गाठोडी घेऊन मध्य प्रदेशाकडे चालत निघालेली माणसं दिसली, तेव्हा मार्तानं गाडी थांबवून आपल्याजवळचं सगळं पाणी देऊन टाकलं. एरंडोल गेलं. पारोळा गेलं. बेबाबाईनं भूषणला फोन लावला. "तासाभरात येते. दिपूला सांगू नका. दारात जाऊनच उभी राहते."

जिल्ह्याच्या हद्दीवर बांबू आडवा टाकला होता. मंडपाखाली पोलीस आणि आरोग्य खात्याची माणसं. ड्रायव्हरनं पास पुढे केला. त्यावर मार्ताचं नाव होतं, ड्रायव्हरचं होतं. बेबाबाईचं नव्हतं. ड्रायव्हरला वाटलं होतं, कोण एवढं बघतं.

त्या दिवशी बघितलं.

"या बाई कोण?"

बेबाबाईनं सगळं सांगितलं. लेक, पहिलं बाळंतपण, वैशाख. तो फौजदार तरुण होता, तोंडाला रुमाल बांधलेला, थकलेला. तो म्हणाला, "आई, माझ्या हातात नाही. तुम्ही जळगावातून आलात. तुम्हाला पुढे सोडलं तर उद्या माझ्यावर येईल. मागं पाठवायला गाडी नाही. इथल्या शाळेत चौदा दिवस राहावं लागेल."

मार्ता खाली उतरली. आधी इंग्रजीत बोलली, मग तिचं इंग्रजीही संपलं, मग ती तिच्याच भाषेत भांडायला लागली. शेवटी हात जोडून म्हणाली, "माय शे ती! माय शे!" मंडपातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. ड्रायव्हर घड्याळ दाखवत होता. विमान चुकलं तर दुसरं नव्हतं.

बेबाबाईनं आपली पिशवी गाडीतून काढली. मार्ताला दंडाला धरून दारापाशी नेलं.

"तू जाय," ती म्हणाली. "तू तरी जाय."

मार्ता जाईना. बेबाबाईनं तिला अक्षरशः आत ढकललं आणि दार लावलं. काचेला तोंड लावून ती पोरगी रडत होती. दर वेळी बाहेरची माणसं जाताना रडायची तेव्हा बेबाबाईला कंटाळा यायचा. या वेळी ती स्वतः बांबूच्या अलीकडे उभी राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. गाडी धुळ्याकडे जात होती.

शाळेत बाया वेगळ्या वर्गात ठेवल्या होत्या. पाच-सहा जणी, सगळ्या कुठून तरी कुठं तरी जाताना अडकलेल्या. भिंतीवर बाराखडी, खाली सतरंजी. पहिले दोन दिवस बेबाबाई जेवलीच नाही. धुळ्याला लेक वाट बघून रडली असेल. जळगावला रूपाला कोणी आडवं करून पेज तर ओतत नसेल? ती ना इकडची राहिली होती ना तिकडची. दाराबाहेर होमगार्ड बसलेला. खिडकीतून कडुलिंब दिसायचा.

तिसऱ्या दिवशी मात्र एक गोष्ट घडली, जी तिनं पुढे कोणालाच सांगितली नाही. ती दुपारी आडवी झाली ती दिवे लागल्यावरच उठली. कोणी हाक मारली नव्हती. कोणी अंथरूण ओलं केलं नव्हतं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. अंग हलकं झालं होतं, आणि त्याच हलकेपणाची तिला इतकी लाज वाटली की ती भिंतीकडे तोंड करून रडली.

दिपमाला त्याच शाळेच्या दिवसांत बाळंत झाली. मुलगा. भूषणचा फोन आला तेव्हा बेबाबाई ताट घेऊन रांगेत होती. "दोघं सुखरूप आहेत, आत्या." तिनं तिथेच, ओळखीच्या ना पाळखीच्या बायांना सांगितलं, "मी आजी झाले." कोणीतरी वाटीतला गुळाचा खडा मोडून सगळ्यांना वाटला.

मुदत संपली तेव्हा तपासणी करून तिला कागद दिला. "कुठं सोडायचं?" विचारलं. तिनं धुळं सांगितलं. ते सांगताना तिला क्षणभर थांबावं लागलं, एवढं खरं.

विहीण ताईबाईंनी भाकरतुकडा ओवाळून तिला आत घेतलं. दिपमाला खाटेवर होती, बाळ कुशीत. आईला बघून तिनं तोंड भिंतीकडे केलं.

"आता कसाले उनी? व्हई गये ना सगळं."

"माले अडकाडं, बेटा. हद्दवरच अडकाडं."

"तू नेहमीच कोठे ना कोठे अडकेल ऱ्हास, माय."

  बेबाबाईनं हातपाय धुतले, पदर खोचला आणि तेल कोमट करायला ठेवलं. लेकीचे पाय चोळले, कंबर शेकली, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. डिंकाचे लाडू करायला त्या दिवसांत धुळ्यात डिंक मिळेना, तो ताईबाईंनी कुठून तरी पैदा केला. आठवडा गेल्यावर एकदा पाठ चोळताना दिपमाला हळूच म्हणाली, "जराखी वर." त्या दोन शब्दांवर बेबाबाईचे कितीतरी दिवस निघाले.

मग झुलालभाऊंचा फोन आला. इंदिराबाई मोरीत घसरून पडल्या होत्या. आता तपासणीचा कागद असला तर परत घेता येत होतं. भाऊ "या" म्हणाले नाहीत. नुसतं सांगितलं. दिपमाला ऐकत होती.

"जाय, माय," ती म्हणाली. "आठे बसीसन तू तठलंच दखशी." इथं बसूनही आई तिकडंच बघत राहणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. तिच्या आवाजात राग नव्हता आणि मायाही नव्हती. बेबाबाई सव्वा महिना पुरा न करता निघाली. रिक्षात बसताना बाळाच्या डोक्याचा वास तिच्या हाताला होता.

बालगृहात पोचली तेव्हा दुपारची जेवणं चालली होती. झुलालभाऊ फरशीवर मांडी घालून बसले होते, शर्टावर वरणाचे डाग. समोर कोपऱ्यात उशांमध्ये रूपा. ते तिला घास देत होते आणि थांबत होते. बेबाबाई पुढे झाली, वाटी घेतली. रूपानं तोंड मिटलं आणि भाऊंकडे बघितलं.

"दोन दिवस देईल त्रास," भाऊ ओशाळून म्हणाले. "रुसलीय."

रुसली नव्हती, तिला दुसऱ्या हाताची सवय झाली होती. बेबाबाईला बरं वाटलं आणि आतून काहीतरी दुखलंही. तिनं वाटी भाऊंना परत दिली आणि इंदिराबाईंना बघायला गेली.

मार्ता सुखरूप पोचली होती. तिचे निरोप यायचे, यंत्राकडून करून घेतलेल्या मराठीत, "मी तुला सीमेवर सोडले, माझे हृदय जड आहे." बेबाबाईनं बरेच दिवस उत्तर दिलं नाही. मग एकदा फोन तोंडाजवळ धरून ती अहिराणीत बोलत सुटली. शाळा, दिपमाला, रूपाचं मिटलेलं तोंड, सगळं. पोरीला त्यातलं काय कळलं असेल देव जाणे. पण बोलून झाल्यावर बेबाबाईला मोकळं वाटलं. अजूनही दोघी असंच बोलतात.

गेल्या वर्षी दिपमालाला दुसऱ्यांदा दिवस गेले. बेबाबाई या वेळी सातव्या महिन्यातच कामावरून निघाली आणि लेकीला मेहरूणला घेऊन आली. मुलगी झाली. विसाव्या दिवशी भाऊंचा फोन वाजला. बाळाला पायांवर घेतलेलं होतं म्हणून दिपमालानंच उचलला. पुनाला ताप होता, तो कोणाला हात लावू देत नव्हता.

"भाऊ," दिपमाला म्हणाली, "सव्वा महिना होईपर्यंत माझी माय कुठं येणार नाही. पुनाच्या तापाला डॉक्टर बोलवा."

आणि तिनं फोन ठेवला. बेबाबाई नातीच्या अंगावर कोमट पाणी ओतत राहिली. लेकीनं आपल्याला असं धरून ठेवलेलं तिला फार बरं वाटलं. बाळाला पुसून झाल्यावर, दुपट्यात गुंडाळता गुंडाळता, तिनं विचारलंच, "ताप किती शे म्हणाले?"